रंगीत पानापलीकडचा मेंदू

स्मृतिभ्रंशाच्या शंकेने मेंदूचा पेट स्कॅन झाला, की अहवालासोबत पुष्कळदा एक रंगीत पान मिळते. त्यावर मेंदू बाहेरून, चारी बाजूंनी दाखवलेला असतो. कुठे तांबडा-पिवळा, कुठे निळा. निळा भाग पाहून घरची माणसे धास्तावतात आणि छत्रपती संभाजीनगरहून पुण्या-मुंबईला दुसरे मत घेण्यास निघताना तेवढेच पान पिशवीत घालतात. ते पुरेसे नसते.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. नेहमीच्या पेट तपासणीत किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर शिरेतून देतात आणि ती कुठे किती शोषली गेली हे मोजतात. अल्झायमरमध्ये कानशिलामागचे व माथ्याच्या मागील बाजूचे भाग साखर कमी घेऊ लागतात. या औषधाची सक्रियता दर ११० मिनिटांनी निम्मी होते. सहा तासांच्या प्रवासानंतर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. केंद्राने दिलेली वेळ काटेकोर पाळावी लागते ती यासाठी.

यंत्र मात्र पृष्ठभाग मोजत नाही. ते मेंदूची काही मिलिमीटर बाजूच्या बारीक घनांत विभागणी करून प्रत्येक घनाचा आकडा देते. मेंदूची करडी साल २ ते ४ मिलिमीटर जाड असते आणि तिचा बराचसा भाग घड्यांत दडलेला असतो. परिणामी एकाच घनात थोडी साल, थोडा आतला पांढरा भाग आणि थोडे पाणी अशी सरमिसळ होते. वयोमानाने साल आकसली, की पाण्याचा वाटा वाढतो आणि चित्र प्रत्यक्षाहून फिके दिसते. म्हणून एमआरआयच्या आधारे संगणक सालीची बाह्यरेषा आखतो आणि पेटचे आकडे तिच्यावर पसरतो. पेटीतली हिमरू शाल उलगडून तिची वीण पाहावी, तसे हे आहे.

अडचण येते ती शाल पुन्हा पेटीत घालताना. नव्या डॉक्टरांना जुन्या स्कॅनशी तुलना करायची असते, किंवा एखाद्या जागेचा आडवा छेद पाहायचा असतो. त्यासाठी पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू मेंदूच्या आकारमानातील त्याच्या जागी परत न्यावा लागतो, सालीच्या जाडीभर पसरावा लागतो, मधल्या रिकाम्या जागा अंदाजाने भराव्या लागतात. हे गणित संगणक करतो. पण जे पृष्ठभागावर कधी आलेच नाही, ते तो कुठून आणणार? खोलवरचा थॅलॅमस, मागचा लहान मेंदू या नकाशात नसतात. आठवणींची नोंद करणारा हिप्पोकॅम्पस कानशिलाच्या आत दुमडलेला असतो. तोही त्यात नीट उमटत नाही. छापील पानावर तर आकडेही नसतात, केवळ रंग असतात, आणि रंगपट्टी बदलली की तेच आकडे वेगळे दिसतात.

तुलना कोणाशी केली, हाही प्रश्न उरतोच. प्रचलित नमुना-मेंदू बहुतांशी पाश्चात्त्यांच्या स्कॅनवरून बनलेले आहेत. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून नमुना तयार केला, तेव्हा सरासरी भारतीय मेंदू त्यांहून आकाराने लहान आढळला.

तेव्हा केंद्रातून निघण्यापूर्वी पेटची मूळ ‘डायकॉम’ चित्रे असलेली सीडी मागून घ्यावी, आणि एमआरआयची सीडीही तिच्यासोबत जपावी; साल आखायची ती एमआरआयवरूनच. तपासणीच्या दिवशी किती तास उपाशी राहायचे, हे केंद्राला विचारावे. मधुमेह असल्यास आधीच सांगावे, कारण रक्तातील साखर वाढलेली असली तर मेंदूत औषध कमी शिरते. इंजेक्शननंतरचा अर्धा तास रुग्णाला मंद उजेडात शांत पडून राहू द्यावे. बोलत राहिले, टीव्ही पाहिला, तर मेंदूचे तेवढेच भाग अधिक साखर ओढतात. सोबतच्या माणसाला गप्प बसणे जड जाते, हे खरे. आणि घरी आडवे छेद पाहून उजवे-डावे ठरवू नये: त्यांत बहुधा रुग्णाची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला असते.