कपडे वाळविण्याचें यंत्र आणि त्याचा तापमापक

पावसाळ्यांत पिंपरी-चिंचवड व चाकणकडे दोरीवरचे कपडे लवकर वाळत नाहींत. पहाटेच्या पाळीस जाणाऱ्याला तर गणवेश कोरडाच हवा. अशा वेळीं घरचा ड्रायर मध्येंच थांबला, कीं दोष बहुधा तापमापकावर येतो. तो खरा असतो काय?

हा मापक, म्हणजे थर्मिस्टर, एक लहानसा मणी असतो. तो तापला कीं त्याचा विद्युत्-रोध घटतो व त्यावरून यंत्रास आंतील उष्णता कळते. पुष्कळ यंत्रांत २५ अंश सेल्सिअसला हा रोध सुमारें १०,००० ओहम असतो. नक्की आकडा पुस्तिकेंत पाहावा.

प्रथम प्लग काढून यंत्र निवूं द्यावें. मग तंतु अडविणारी जाळी व हवेचा मार्ग साफ करावा; ते तुंबले तर मापक निर्दोष असूनहि यंत्र तापून थांबतें. नंतर जोडणी सैल वा गंजलेली नाहीं ना, हें पाहून मापक सुटा करावा व मल्टिमीटर लावावा. रोध अनंत दिसला तर मापक आंतून तुटलेला. शून्य दिसला तर आंतल्या आंत जुळलेला. मुठीच्या उबेनें आकडा हळूहळू उतरला, तर तो शाबूत समजावा.

मात्र यंत्र चालावें म्हणून अतिताप रोखणारी कळ तारेनें जोडून टाकणें म्हणजे कापसाच्या ढिगाशीं दिवा ठेवणें होय. त्यापेक्षां एक दिवस ओलसर सदरा परवडला.