देशोदेशीचे आईस्क्रीम आणि आपला तराजू

भिवंडीच्या मागांवरचे कापड घेण्या-विकण्यात माझी तीस वर्षे गेली. कापडात सूत किती आणि खळ किती, हे बोटांना कळते. आईस्क्रीममधले मात्र काही कळत नव्हते. गेल्या हिवाळ्यात कल्याणला मुलाचा वलीमा झाला. केटररशी बोली आईस्क्रीमची होती, दरही आईस्क्रीमचाच लागला. पाहुणे गेल्यावर भाच्याने रिकामा कप वाचून दाखवला : ‘फ्रोझन डेझर्ट’. म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल! असा माल विकणे गुन्हा नाही, पण आईस्क्रीम सांगून तो देणे ही फसवणूकच.

हाच भाचा आता कल्याणच्या दूध नाक्याजवळ आईस्क्रीमचे दुकान टाकायचे म्हणतो. पैसा घरचा लागणार. तेव्हा म्हटले, आधी माल समजून घ्यावा.

आपल्या कायद्याप्रमाणे साध्या आईस्क्रीममध्ये दुधाचे फॅट किमान १० टक्के लागते, आणि एक लिटर मालाचे वजन किमान ५२५ ग्रॅम भरावे लागते. घुसळण्यापूर्वी हेच दूध-साखरेचे मिश्रण लिटरला एक किलोहून थोडे जास्त भरते. याचा अर्थ, डब्यात जवळजवळ निम्मी हवा असली तरी कायद्याला चालते. कापडाला खळ, तशी आईस्क्रीमला हवा. थोडी हवी, नाहीतर दगड होईल. जास्त झाली की गिऱ्हाईक हवेचे पैसे मोजते.

देशोदेशीचा फरक इथूनच सुरू होतो. अमेरिकेत १० टक्के फॅटचाच नियम आहे, मलई भरपूर आणि साध्या मालात हवाही भरपूर. इटलीच्या जेलातोत मलई कमी, दूध जास्त. ते सावकाश घुसळतात, म्हणून हवा कमी आणि चव दाट.

तुर्कस्तानात मराश भागातले दोंदुर्मा बकरीच्या दुधाचे. त्यात ‘सालेप’ घालतात. आपल्या हकिमांच्या नुस्ख्यात जी सालम मिश्री असते, त्याच जातीचा हा कंद. त्याने आईस्क्रीम इतके चिवट होते की सुरीने कापून खातात. दमास्कसच्या हमीदिया बाजारात १८९५ साली सुरू झालेले बकदाश हे दुकान प्रसिद्ध आहे. तिथे आईस्क्रीम लाकडी मुसळाने कुटतात आणि वरून पिस्ते लावतात. इराणच्या बस्तनीत केशर, गुलाबपाणी व पिस्ते. शिराझच्या फालुद्यात दूध नसते, बारीक शेवया थंडगार पाकात आणि वर लिंबू. आपण त्याच नावाखाली दूध, सब्जा आणि कुल्फी घालतो.

जिथे जो माल मुबलक आणि जशी गिऱ्हाइकाची जीभ, तसे तिथले आईस्क्रीम. मग आपले कोणते? कुल्फी! अरबीत ‘कुफ्ल’ म्हणजे कुलूप. आपले मराठी कुलूपही तिथलेच. साच्याचे झाकण घट्ट बंद करून गोठवतात म्हणून कुल्फी. दूध आटवायचे, घुसळायचे नाही. त्यामुळे हवा जवळजवळ नाहीच, वजन पुरे आणि वितळायलाही वेळ लागतो. आपल्याकडे मिळणाऱ्या म्हशीच्या दुधात फॅट जास्त, ते यासाठी उत्तम.

हाताच्या कामालाही गिऱ्हाईक आहे. मुंबईत बोहरी मोहल्ल्यातले ताज आईस्क्रीम १८८७ पासूनचे म्हणून ओळखले जाते. तिथे बर्फ आणि जाडे मीठ भरलेल्या पिंपात भांडे ठेवून हाताने फिरवतात. मीठ पडले की बर्फ शून्याच्याही खाली थंड होतो, ही त्यातली खुबी. दुसरे उदाहरण रघुनंदन कामत यांचे. फळविक्रेत्याच्या या मुलाने १९८४ साली जुहूला ‘नॅचरल्स’ काढले आणि सीताफळ, शहाळे या आपल्याच फळांवर नाव कमावले. २०२४ साली ते वारले, दुकाने चालू आहेत.

भाच्याला मी तीन गोष्टी सांगितल्या. मोठ्या कंपन्यांच्या व्हॅनिलाशी भावात लढू नकोस, मलई कुल्फी, फालुदा आणि हंगामी फळ यांवर दुकान उभे कर. माल लिटरवर घेऊ नकोस, डबा तराजूवर ठेवून किलोचा भाव काढ. आणि तेलाचा माल ठेवलास तर पाटीवर तसे लिही.

लग्नाची ऑर्डर देणाऱ्या बंधूंनाही हेच सांगणे : बोली करताना कप मागवा, चष्मा लावा, वरचे नाव वाचा आणि मगच बयाणा द्या. मी बयाणा आधी दिला होता.