सरहद्दीपलीकडचे सूर (८) : पिकतं तिथंच विकतं

मागच्या आठवड्यात आपण अंकल टुपेलो या अमेरिकी बँडपाशी थांबलो होतो. नॅशव्हिलच्या गुळगुळीत कंट्री संगीताला कंटाळून रॉकच्या खडबडीतपणाकडे वळलेलं संगीत म्हणजे ऑल्ट-कंट्री. त्याचा आरंभ या बँडच्या १९९० सालच्या ‘नो डिप्रेशन’ अल्बमपासून धरायची पद्धत आहे. कॅनडाकडे पाहिलं की ही तारीख डळमळते. २७ नोव्हेंबर १९८७ रोजी टोरांटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये काउबॉय जंकीज या बँडने एकाच मायक्रोफोनभोवती बसून ‘द ट्रिनिटी सेशन’ ध्वनिमुद्रित केला. चर्चने जागा द्यावी म्हणून आपण ‘टिमिन्स फॅमिली सिंगर्स’ आहोत आणि नाताळचा कार्यक्रम करतोय, अशी थाप मारली. (अर्धी थाप म्हणू; बँडमधली तिघं खरोखरच टिमिन्स भावंडं होती.) मार्गो टिमिन्स यांचा आवाज कुजबुजीच्या जेमतेम वर राहतो, आणि तो विरत जातो तेव्हा छत किती उंच असेल याचा अंदाज येतो.

कॅनडातल्या अशा बँडांबद्दल माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. त्यांच्या गाण्यांत जागा ऐकू येते. ग्रेट लेक स्विमर्सच्या टोनी डेकर यांनी २००३ मधला पहिला अल्बम दक्षिण ऑंटेरिओत धान्य साठवायच्या एका ओस पडलेल्या सायलोत केला; गिटारमागे रातकिडे ऐकू येतात आणि कुणी ते पुसून टाकलेले नाहीत. यावर कुणी म्हणेल, यात कसली दृष्टी, स्टुडिओचं भाडं परवडत नसेल! नवख्या बँडांपुरतं ते मान्य. पण ब्लू रोडिओ १९९३ मध्ये कॅनडातला नावाजलेला बँड होता, हवा तो स्टुडिओ त्याला मिळाला असता. तरी ‘फाइव्ह डेज इन जुलै’ त्यांनी ग्रेग कीलर यांच्या शेतघरात केला. तिथे पैशाची अडचण नव्हती, निवड होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बँजो, पेडल स्टील, तीन-चार कॉर्डचा साचा, सगळं दक्षिणेकडून आलेलं, मग यात कॅनडाचं काय? उसनवारी खरीच आहे, आणि जुनीही. ‘द बँड’ नावाच्या बँडमधले पाचांपैकी चौघं कॅनडाचे होते, पण त्यांची गाजलेली गाणी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मातीत रुजलेली. पुढच्या पिढीने वाद्यं ठेवली आणि भूगोल बदलला. विनिपेगच्या द वीकरदॅन्सचे जॉन के. सॅमसन यांचं उदाहरण घ्या. त्यांच्या २००३ च्या ‘रीकन्स्ट्रक्शन साइट’ अल्बममध्ये एक मांजर आपल्या खचलेल्या मालकाला खडसावते. तिचं नाव विर्तूते, विनिपेगच्या लॅटिन ब्रीदवाक्यातला शब्द. २००७ मध्ये ती घर सोडून का गेली ते सांगते, आणि २०१६ मध्ये सॅमसन यांच्या स्वतःच्या अल्बममध्ये पुन्हा येते. एका शहराच्या ब्रीदवाक्यातून निघालेलं पात्र तेरा वर्षं सांभाळणं ही नक्कल नव्हे. पंक रॉकमधून आलेल्या या माणसाला कंट्रीच्या खान्यात बसवावं का, हा वाद मी संगीताच्या दुकानदारांवर सोडतो.

मग यातले बरेचसे बँड बाहेर अनोळखी का? आपल्याकडे म्हणतात, पिकतं तिथं विकत नाही. इथे पिकतं तिथंच विकतं. १९७१ पासून कॅनडाच्या रेडिओ केंद्रांवर ३० टक्के गाणी देशी असण्याची सक्ती आली, पुढे ती ३५ टक्के झाली. टीकाकारांच्या मते अशा कुबड्यांनी सुमार संगीत पोसलं जातं. काही प्रमाणात जातंही. पण कायद्याने गाणं लावता येतं, ऐकणाऱ्याला आवडवता येत नाही. ‘फाइव्ह डेज’च्या लाखो प्रती कॅनडात खपल्या, त्या लोकांनी आपल्या पैशाने घेतल्या. कायदा सरहद्दीवर संपतो, इतकंच. आणि सरहद्दीच्या आतही टोरांटोहून विनिपेगला वाजवायला जायचं तर दोन हजार किलोमीटरहून जास्त रस्ता तुडवावा लागतो. अशा देशात घरचा श्रोता जपणं हाच शहाणपणा होता.

पुढच्या आठवड्यात द सेडीज, म्हणजे डॅलस आणि ट्रॅव्हिस गुड या भावांचा बँड. तोवर ‘द ट्रिनिटी सेशन’ रात्री, सलग ऐकून ठेवा. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको.