दुधाच्या कॅनमधलं दफ्तर

वॉर्सातल्या ज्यू इतिहास संस्थेच्या संग्रहात टॉफीचे कागद आहेत, ट्रामची तिकिटं आहेत, रेशनकार्डं आणि मैफलींची निमंत्रणं आहेत. एरवी यातलं बरंचसं रद्दीत गेलं असतं. हे दफ्तर जमवणाऱ्यांना मात्र नेमकं तेच हवं होतं.

नोव्हेंबर १९४० मध्ये नाझींनी वॉर्साची ज्यू वस्ती भिंत घालून बंद केली. आत चार लाखांवर माणसं कोंडली गेली. त्याच महिन्यात एमानुएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने गुपचूप एक गट उभा केला. बैठका शनिवारी, ज्यूंच्या शब्बाथला, म्हणून नाव ‘ओयनेग शाबेस’, शब्बाथचा आनंद. त्यात शिक्षक, लेखक, अर्थतज्ज्ञ, धर्मगुरू असे पन्नास-साठ जण होते. लेखिका राशेल आउएरबाख तर दिवसभर गरिबांसाठी सूपचं स्वयंपाकघर चालवत.

रिंगेलब्लुम यांची शिस्त कडक होती. प्रश्नावल्या तयार झाल्या, विषय वाटले गेले: बायकांचं जगणं, चोरटा व्यापार, मुलांची शाळा, भूक. महत्त्वाच्या कागदांच्या एकाहून जास्त प्रती काढायच्या. ज्यू पोलिसांची लाचखोरी आणि क्रौर्यही लिहायचं, आपली माणसं म्हणून पांघरूण घालायचं नाही. मला हा आग्रह सगळ्यात मोलाचा वाटतो. मारणाऱ्यांची कागदपत्रं टिकणारच होती. मरणाऱ्यांनी स्वतःचा इतिहास स्वतःच्या दोषांसकट लिहून ठेवावा, ही जिद्द दुर्मिळ.

जुलै १९४२ मध्ये ट्रेब्लिंका या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. ३ ऑगस्टला इस्राएल लिख्तेनश्टाइन या शिक्षकाने दोन तरुणांना हाताशी धरून नोवोलिप्की रस्त्यावरच्या ६८ क्रमांकाच्या शाळेखाली पत्र्याचे दहा डबे पुरले. त्या तरुणांतला दाविद ग्राबेर १९ वर्षांचा. त्याने आपलं मृत्युपत्रही आतच ठेवलं. लिख्तेनश्टाइनची पत्नी गेला सेक्श्ताइन हिची चित्रंही त्याच डब्यांत गेली. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याच जागी दोन दुधाचे कॅन पुरले गेले.

मार्च १९४४ मध्ये रिंगेलब्लुम बायको-मुलासह पकडले आणि मारले गेले. गटातले जेमतेम तिघे वाचले: आउएरबाख, गटाचे चिटणीस हेर्श वासेर आणि त्यांच्या पत्नी ब्लुमा. युद्धानंतर आउएरबाख यांनी दफ्तर शोधा म्हणून धोशाच लावला. पण वस्तीच्या जागी उरला होता विटांचा ढिगारा. ना रस्ता, ना घरक्रमांक. वासेर यांना ठिकाण माहीत होतं म्हणून निभावलं. मोजमापं घेऊन, ढिगाऱ्याखाली बोगदे खणत लोक १८ सप्टेंबर १९४६ रोजी डब्यांपर्यंत पोहोचले. डब्यांत पाणी शिरलं होतं. पानं चिकटली होती, शाई फिसकटली होती, बुरशी धरली होती. एकेक पान सोडवून वाळवावं लागलं. कॅन १ डिसेंबर १९५० रोजी बांधकाम मजुरांना अवचित सापडले, आणि त्यांतले कागद कितीतरी सुस्थितीत निघाले.

आज हे सुमारे ३५,००० पानांचं दफ्तर त्लोमात्स्किए रस्त्यावर, युद्धापूर्वीच्या ज्यू ग्रंथालयाच्या इमारतीत आहे. शेजारचं भव्य सिनेगॉग नाझींनी मे १९४३ मध्ये सुरुंग लावून उडवलं. १९९९ मध्ये युनेस्कोने हे दफ्तर जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत घेतलं.

दफ्तराचा तिसरा भाग एप्रिल १९४३ मध्ये, वस्तीतल्या ज्यूंच्या उठावाच्या तोंडावर, श्व्येंतोयेर्स्का रस्त्यावर पुरला होता. तो अद्याप सापडलेला नाही.