जुन्या बंदुकांचा नाद

‘बारा बोअरची बंदूक’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. परंतु त्यातील बारा हा आकडा कशाचा, असे विचारले तर पुष्कळांना उत्तर सुचत नाही. तो नळीच्या लांबीचा नव्हे, की छर्‍यांच्या संख्येचाही नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जिच्यात नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. त्याच शिशाच्या वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. आकडा वाढला की तोंड लहान होते, हा उलटा हिशेब ठासणीच्या बंदुकीच्या काळातला असून तो अद्याप चालू आहे. जुन्या बंदुकांच्या शौकिनाला अशा उलट्या हिशेबांचीच गोडी लागते, आणि एकदा लागलेली ही गोडी सहसा सुटत नाही.

हा शौक समजून घ्यावयाचा तर जबलपूरसारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण. एका अंगाला नर्मदा आणि तिच्या पलीकडे मंडला, सिवनी, बालाघाटची अरण्ये. दुसर्‍या अंगाला तोफखान्याचे कारखाने. राणी दुर्गावतीच्या गढा-मंडल्याचा हा मुलूख १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि सीताबर्डीच्या लढाईच्या सुमारास, १८१७ मध्ये, इंग्रजांनी जबलपूर घेतले. त्यामुळे येथील मराठी वस्तीची पाळेमुळे केवळ रेल्वेच्या आणि सरकारी नोकरीच्या काळातली नाहीत. मात्र जबलपूर शिकार्‍यांचे प्रवेशद्वार बनले ते रेल्वेमुळेच. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग येथे एकमेकांस मिळाले. मुंबई बंदरात उतरलेला साहेब आता बैलगाडीचे हाल न सोसता थेट सागवानाच्या आणि सालवृक्षांच्या रानाच्या तोंडाशी येऊन पोहोचू लागला. त्याच्या पुढच्याच वर्षी कॅप्टन जेम्स फोर्साइथ याचा मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी त्याचा मृत्यूही झाला. पचमढीला ‘बायसन लॉज’ बांधणारा हा अधिकारी बंदुकांचाही जाणकार होता. शिकारीच्या रायफलींवर त्याने त्याआधीच एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. साहेबाच्या मागोमाग संस्थानिक आले, त्यांच्या मागे वकील, मालगुजार, डॉक्टर, कंत्राटदार आले, आणि छर्‍याची दुनळी हा प्रतिष्ठित घराचा अलंकार झाला.

हा अलंकार साधा नव्हता. १८५७ च्या उठावानंतर सरकारला हिंदी माणसाच्या हातातील शस्त्राची धास्ती होती; १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने त्याला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईनाशी झाली. गोर्‍या माणसाला मात्र परवान्यातून सूट होती. ह्या अन्यायाविरुद्ध राष्ट्रीय सभेने वर्षानुवर्षे ठराव केले. परंतु ज्या थोड्यांना परवाना मिळाला, त्यांच्या दृष्टीने दिवाणखान्यातील बंदूक म्हणजे जणू सरकारदरबारची सनदच ठरली. आजोबांच्या बंदुकीविषयी नातवाला वाटणारे ममत्व तपासून पाहिले, तर त्यात शिकारीपेक्षा ह्या सनदेचाच अंश अधिक सापडतो.

१९०४ मध्ये जबलपूरला तोफांचे गाडे बनविण्याचा कारखाना उभा राहिला. मुंबई, मद्रास आणि फत्तेगढ येथील जुनी कामे त्यात एकत्र आणली गेली. दुसर्‍या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पिढ्यानुपिढ्या कानस, साचे आणि पोलाद यांत वाढलेल्या गावाला जुन्या बंदुकीची घडण पाहून हरखून जाण्यासाठी शिकारी असावे लागत नाही. कारण ती घडण खरोखरच हरखून जाण्यासारखी असते.

एकोणिसाव्या शतकातील चांगल्या दुनळीची नळी घ्यावी. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, एका दांड्याभोवती सर्पाकार गुंडाळीत आणि ठोकीत ती नळी घडविलेली असे. वरून आम्लाचा हात फिरविला की लोखंड आणि पोलाद निरनिराळा रंग धरीत आणि लाटांची, वेलींची किंवा लहान लहान भोवर्‍यांची नक्षी उमटे. ही नक्षी वरून काढलेली नव्हे, ती धातूच्या अंगातच असते. हिला दमास्कस नळी म्हणतात. मग घोड्यांची बंदूक गेली आणि बिनघोड्याची आली. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातील अँसन आणि डीली या दोघांनी घोडे आत लपविणारी अशी काही सुटसुटीत रचना शोधून काढली, की आजवर जगातील असंख्य दुनळ्या तिच्यावरच बेतल्या गेल्या. लंडनचे पर्डी, हॉलंड आणि हॉलंड, बर्मिंगहॅमचे ग्रीनर, ही नावे शौकीन माणूस घराण्याच्या गवयांची नावे घ्यावीत तशी घेतो. फक्त कानाची पाळी धरीत नाही इतकेच.

ह्या मालिकेत हिंदुस्थानच्या रानासाठी म्हणून गाजलेली एक बंदूक मोठी गमतीची आहे. छर्‍याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, तर रायफलीच्या नळीला आतून पिळाचे आटे असतात. आट्यांमुळे गोळी गिरक्या घेत सरळ जाते. मोरांच्या मागे निघालेल्या शिकार्‍यापुढे अवचित वाघ उभा राहिला तर काय करावे, हा प्रश्न हिंदुस्थानात नोकरी केलेल्या कर्नल फॉस्बेरी यास पडला असावा. त्याने नळीच्या केवळ तोंडापाशीच आटे ठेवले. बाकीची नळी गुळगुळीत; त्यामुळे छर्रेही चालत आणि जड गोळीही बर्‍यापैकी नेमकी जाई. १८८५ साली ह्या कल्पनेचे पेटंट झाले आणि हॉलंड आणि हॉलंडने ती ‘पॅरॅडॉक्स’ या नावाने विकली. पॅरॅडॉक्स म्हणजे विरोधाभास. नाव यथार्थच होते.

असा माल येथे येई तो कलकत्त्याच्या मँटन, रॉड्डा अशा पेढ्यांमार्फत, आणि नळीवर पुष्कळदा विलायती कारागिराऐवजी ह्या पेढ्यांचेच नाव कोरलेले असे. रॉड्डाचे नाव तर आपल्या इतिहासात निराळ्याच कारणाने अमर झाले. २६ ऑगस्ट १९१४ रोजी ह्या पेढीची ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे बंगालच्या क्रांतिकारकांनी भर दिवसा लांबविली. साहेबाच्या शिकारीची सोय करणार्‍या दुकानाकडून स्वातंत्र्याच्या चळवळीचीही सोय झाली ती अशी.

नाद लागतो कसा? बहुधा वारशाने आलेल्या एका बंदुकीपासून. ती पुसताना खालच्या बाजूस बारीक ठसे दिसतात. लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहात जादा दारू भरून नळीची कसोटी घेतल्याच्या त्या खुणा असतात. एका ठशाचा अर्थ लागला की दुसर्‍याचा शोध सुरू होतो. मग अनुक्रमांकावरून घडणीचे वर्ष, मग जुन्या वह्यांवरून मूळ गिर्‍हाइकाचे नाव. लाकडी दस्त्यावरील अक्रोडाच्या रेषा भिंगाखाली पाहिल्या जातात. नळ्या दस्त्यापासून सोडवून टांगायच्या आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारायची. जोड शाबूत असतील तर घंटेसारखा स्वर निघतो, सांधा सुटला असेल तर बद्द आवाज येतो. ज्याने एकदा तो स्वर ऐकला, त्याला परक्याच्या घरच्या बंदुकीलाही टिचकी मारून पाहण्याचा मोह आवरत नाही. घरच्या मंडळींच्या मते हे व्यसनच, आणि त्यांचे मत अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

परंतु ह्या लोखंडाच्या प्रेमामागे आणखी एक गोष्ट दडलेली असते: गेलेल्या रानाची हुरहूर. मचाण, हाकारा, डाकबंगल्यातील कंदील, पहाटेच्या धुक्यात सांबराने दिलेला इशारा, ह्या सार्‍यांचे वर्णन जुना शिकारी अशा काही तन्मयतेने करतो की ऐकणार्‍यालाही ते दिवस आपले वाटू लागतात. ह्या आठवणीत बोलत नाहीत ते हाकारे. वाघापुढे काठ्या आणि डबडी घेऊन चालत गेलेले गोंड आणि बैगा शिकारकथेत बहुधा निनावीच राहतात. छायाचित्रात वाघामागे बंदूकधारी उभा असतो, हाकारे कडेला कापलेले असतात. आणि ही आठवण आकडे सांगत नाही. आकडे मात्र विलक्षण आहेत. सुरगुजाच्या महाराजांनी १९६५ साली प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांस लिहून कळविलेली त्यांच्या वाघांची संख्या ११५० होती. शेजारच्या कोरिया संस्थानच्या राजाने १९४७ च्या सुमारास एका रात्री तीन चित्ते मारले. देशात चित्त्याची त्यानंतर खात्रीची नोंद जवळजवळ नाहीच, आणि १९५२ मध्ये तो येथून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. कान्हाच्या परिसरात १९४७ ते १९५१ या काळात विजयानगरमच्या महाराजकुमारांना खास परवानगी मिळून त्यांनी तीस वाघ मारले. त्यावर गदारोळ उठला, आणि १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले. तरीही तेथील बारशिंगे १९७० पर्यंत अवघी ६६ उरली होती. त्यांतील सगळी बंदुकीने गेली असे नव्हे. चराई, नांगर आणि रोगराई यांचाही वाटा होता. पण ‘पूर्वी रान कसे भरलेले होते’ असे हळहळून म्हणणार्‍याच्या हातात ते रिकामे करण्याचे एक साधन असते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत सार्‍या देशात अठराशेच्या आसपास वाघ आढळले, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. कान्हा त्याच्या पहिल्या नऊ ठिकाणांपैकी एक. देशभरातून आलेल्या कातड्यांत भुसा भरून देणारी म्हैसूरची व्हॅन इंजेन पेढीही १९९९ मध्ये बंद झाली. काहींनी बंदूक ठेवून दुर्बीण उचलली. पुणे आकाशवाणीवर दीर्घकाळ काम केलेले व्यंकटेश माडगूळकर एके काळी हौसेने शिकार करीत. पुढे त्यांनी नागझिर्‍याच्या रानात केवळ पाहत बसण्याचा छंद धरला, आणि मराठीला त्यातून अधिक काही मिळाले हे कोणीही मान्य करील.

बंदुका मात्र घरोघर राहिल्या, आणि खरा पेच आता त्यांचा आहे. एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत. डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीने ही संख्या दोनवर आली, आणि वारशाने येणार्‍या बंदुकांनाही तीच मर्यादा लागू झाली. जादा बंदूक वर्षाच्या आत ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापार्‍याकडे जमा करणे भाग पडले. ज्याच्याकडे आजोबांची दमास्कस नळीची घोडेवाली दुनळी, वडिलांची बिनघोड्याची विलायती बंदूक आणि शेताच्या राखणीसाठी घेतलेली ईशापूरची साधी बंदूक होती, त्याने कोणती द्यावी? व्यवहार सांगतो, निरुपयोगी ती आजोबांची द्यावी. नेमकी तीच देववत नाही. परवानाधारक सत्तरी ओलांडून गेला असेल, किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे असेल, तर हयातीतच ती वारसाच्या नावे करण्यास अर्ज करता येतो. पण मुलगा पुण्यास किंवा परदेशी असला आणि त्याला परवान्याची दगदग नको असली, तर अर्ज तरी कोणासाठी करावयाचा?

निरुपयोगी हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. जुनी दमास्कस नळी काळ्या दारूसाठी घडविलेली; आजची धूररहित दारू तिला पेलेलच असे नाही. शिवाय जुन्या बंदुकीचे काडतुसाचे घर बहुधा ६५ मिलिमीटरचे असते. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात सहज सरकते, आणि धोका नेमका येथेच आहे. बार उडाला की काडतुसाचे दुमडलेले तोंड उलगडून पुढे अरुंद जागेत अडते आणि आतील दाब एकदम वाढतो. नक्षीदार नळी अशाने फुटू शकते, आणि ती फुटते ती डाव्या हाताच्या पंजापाशी. खडकीच्या कारखान्याचे ‘शक्तिमान’ काडतूस कितीही उत्तम असले, तरी जाणता शौकीन ते आजोबांच्या बंदुकीत घालीत नाही.

म्हणून ती बंदूक आता वर्षातून दोनदाच बाहेर निघते. पावसाळा सरला की तिला तेलाचा हात दिला जातो, आणि खंडेनवमीला पाटावर ठेवून गंधफूल वाहिले जाते. निवडणूक आली आणि ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघाला, तर तिसरी फेरी घडते. जुन्या कापडात गुंडाळून, पावती घेऊन, आणि परत आणल्यावर हवालदाराने दस्त्याला ओरखडा तर पाडला नाही ना, हे उजेडात निरखून.