म्हाताऱ्याचा जबाब

वनहक्क कायद्याच्या नियमावलीतला तेरावा नियम पुराव्यांचा आहे. जंगलातल्या जमिनीवर हक्क सांगणाऱ्याने काय काय दाखवावं, याची ती यादी. गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे नकाशे, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, कोर्टाचे निकाल असं सगळं त्यात येतं. शेवटाकडे आलं की यादीचा सूर बदलतो. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा यांसारख्या खुणा पुरावा म्हणून चालतील, असं तिथे म्हटलं आहे. आणि अगदी शेवटी, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली माहितीही चालेल.

म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याने कधी शाळा पाहिली नाही, अशा म्हाताऱ्याचं बोलणं 1882 च्या गॅझेटियरच्या मांडीला मांडी लावून बसतं. आपल्या देशातल्या कायद्यात आदिवासी बापाला आणि आज्याला इतका मान दुसरीकडे कुठे दिलेला मला तरी दिसत नाही.

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात या एका ओळीचं मोल फार आहे. माथेरानच्या उतारावर, ढाक-भीमाशंकरच्या पायथ्याशी, इर्शाळगड-प्रबळगडाच्या कुशीत ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. रायगड जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही, त्यामुळे ‘पेसा’ कायद्याचं संरक्षण इथल्या वाड्यांना नाही. उरतो तो 2006 चा वनहक्क कायदा. त्यात आदिवासी दावेदाराने 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवायचं असतं, आणि दाव्याला तेराव्या नियमातले किमान दोन पुरावे जोडायचे असतात.

वाडीतल्या म्हाताऱ्याला विचारा, अमुक वावर कधीपासून कसतायत? तो सन सांगणार नाही. आधी विचार करील, मग सांगेल, ‘तो पूर आला ना, त्याच्या आधीपासून.’ तो पूर म्हणजे 26 जुलै 2005 चा. उल्हास नदी त्या दिवशी कशी फुगली होती, हे कर्जत-नेरळच्या माणसाला सांगावं लागत नाही. कायद्याने ठरवलेली तारीख त्या पुरानंतर साडेचार महिन्यांनी येते. म्हणजे ‘पुराच्या आधीपासून’ हे दोन शब्द नीट लिहून घेतले, त्याच्याखाली म्हाताऱ्याचा अंगठा आणि ग्रामसभेच्या वनहक्क समितीची सही आली, की तो कायद्याला हवा तसा पुरावा झाला. त्याहून मागे जायचं असेल तर बहात्तरचा दुष्काळ आहे. त्याच्याही मागे 2 जानेवारी 1943 ची सिद्धगडची पहाट आहे. माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील त्या पहाटे तिथे इंग्रजांच्या गोळ्यांनी पडले. बापाने सांगितलेलं मुलाने धरून ठेवायचं, अशीच ही कालगणना चालत आली.

जगात दुसरीकडेही ही रीत आहे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात आणि अमेरिकेच्या मोंटाना राज्यात ब्लॅकफूट लोक राहतात. त्यांच्यात वर्षाला आकडा नसे. दर हिवाळ्याला त्या वर्षातल्या एका मोठ्या घटनेचं नाव पडे. देवीची साथ, एखादी लढाई, घोडे मेले तो हिवाळा. जाणता माणूस ही नावं ओळीने लक्षात ठेवी, काही जण कातड्यावर चित्रंही काढून ठेवत. कायनाई ब्लॅकफूटांपैकी ‘बॅड हेड’ या पुढाऱ्याने राखलेली अशी हिवाळ्यांची माळ 1810 पासून पुढची सत्तरेक वर्षं सांगते. मोंटानातल्या ब्लॅकफीट जमातीचे अर्ल ओल्ड पर्सन ऑक्टोबर 2021 मध्ये वयाच्या 92 व्या वर्षी वारले. कित्येक दशकं त्यांनी जमातीचं नेतृत्व केलं होतं. पण त्यांच्या लोकांना नेता गेल्याइतकंच दुःख झालं ते जुन्या माणसांकडून शिकून त्यांनी जपलेली गाणी आणि गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्याचं.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1997 ला गिटक्सान आणि वेट्सुवेटेन या दुसऱ्या दोन जमातींच्या खटल्यात ठरवलं की जमिनीच्या हक्काच्या प्रश्नात वडीलधाऱ्यांनी तोंडी जपलेला इतिहास लेखी कागदाच्या बरोबरीने तोलला पाहिजे. खालच्या कोर्टाने तो इतिहास बाजूला सारला होता. आपल्याकडे नऊ वर्षांनी कायदा झाला आणि 2008 च्या नियमांत वडीलधाऱ्यांच्या कथनाला जागा मिळाली. 2012 च्या दुरुस्तीने तर उपविभागीय आणि जिल्हा समित्यांना बजावलं की अमुकच कागद आणा असा हट्ट धरू नका.

कायदा इतका चांगला असूनही वाड्यांमधले दावे का रखडतात, याची कारणं बरीच आहेत आणि त्यांतली पुष्कळशी कचेऱ्यांमध्ये आहेत. पण एक कारण वाडीतच आहे. म्हातारा गेला, आणि त्याच्याकडून कुणी लिहून घेतलं नव्हतं.

कोलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, दळी जमिनींची पद्धत होती. डोंगरउतारावरचा वनखात्याचा तुकडा नाचणी-वरीसाठी आदिवासींना कसायला मिळे. नाव बहुधा गटातल्या एका म्होरक्याचं लागे, कसणारी घरं मात्र अनेक. कोणत्या घराचा वाटा कोणत्या ओढ्यापासून कोणत्या खडकापर्यंत, हे वहीत नसे. ते म्होरक्याच्या डोक्यात असे. तो गेला, त्याचा मुलगाही गेला, की नातवंडांच्या हाती एक नाव उरतं आणि दहा घरांचा हक्क अधांतरी लोंबकळतो.

कातकऱ्यांची अडचण याहून मोठी. खैराच्या झाडापासून कात काढणं हा त्यांचा मूळ धंदा. इंग्रजांनी 1878 चा वनकायदा आणून जंगल आवळलं आणि तो धंदा मोडला. मग कोळसा पाडणं, मजुरी, वीटभट्टी. महाराष्ट्रात केंद्राने विशेष असुरक्षित ठरवलेल्या तीन आदिम जमाती आहेत, कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. कर्जत-खालापूरच्या अनेक कातकरवाड्या ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत ती कागदावर दुसऱ्याच्याच मालकीची आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, फार्महाऊस आली, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि वाडीभोवती कुंपणं पडायला लागली. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी कातकऱ्यांच्या या विस्थापनावर 2013 मध्ये पुस्तक लिहिलं आहे. मिलिंद बोकील यांचं ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ हेही प्रत्येकाने वाचावं असं आहे. वस्तीच्या जागेला गावठाण म्हणून मान्यता देण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम 122 ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. तो अर्ज करतानाही पहिला प्रश्न हाच येतो: वाडी इथे कधीपासून आहे? उत्तर देणारा म्हाताराच असतो.

बरं, त्याच्या डोक्यात फक्त हद्दी नसतात. शेवळाच्या भाजीत काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो, कडू कांद चकत्या करून उकळल्याशिवाय आणि वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाऊ नये, कोणत्या झऱ्याला मे महिन्यातही पाणी असतं, हे सगळं त्याच्याजवळ असतं. ए. एन. वेलिंगांनी 1934 मध्ये कातकऱ्यांवर आणि ल. ना. चापेकरांनी 1960 मध्ये सह्याद्रीतल्या ठाकरांवर ग्रंथ लिहिले, ते अशाच माणसांच्या पायाशी बसून. लिहिणाऱ्यांची नावं राहिली. सांगणाऱ्यांचीही राहायला हवी होती.

इथे इर्शाळवाडीबद्दल लिहायलाच हवं. खालापूर तालुक्यात चौकजवळ, इर्शाळगडाच्या माचीवर ही ठाकरांची वाडी होती. वर जायला गाडीरस्ता नव्हता, पायवाटेनेच चढावं लागे. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगराचा कडा घरांवर आला. धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत तिचं नाव नव्हतं. मदतीला धावलेली माणसं अंधारात, पावसात तीच चढण चढून वर गेली. 27 मृतदेह सापडले. 23 जुलैला शोध थांबवला तेव्हा 57 माणसं बेपत्ता होती, आणि ती त्याच मातीत राहिली. वाचलेल्यांना पुढे चौकजवळ घरं दिली गेली.

त्या रात्री मुलं गेली, बाया गेल्या, तसे बाप आणि आजेही गेले. वाडीचा देव कुणी मांडला, पहिलं घर कुणाचं, माचीवरचं कोणतं वावर कुणी फोडलं, हे सांगू शकणारी किती तोंडं एका रात्रीत बंद झाली याचा हिशोब कुठल्याही पंचनाम्यात नाही. वाचलेल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून त्या वाडीची सगळी हकीकत लिहून काढणं, माणसांच्या नावानिशी, घरांच्या ओळीनिशी, हे आजही करण्याजोगं काम आहे. माझ्या मते घरकुलाइतकंच तेही पुनर्वसनाचं काम आहे.

आता दिवाळी आली आहे. आपल्याकडे ती वसुबारसेने सुरू होते, सह्याद्रीतल्या अनेक आदिवासी वाड्यांत त्याच दिवशी वाघबारस असते. शिवेवरच्या वाघोबाच्या दगडाला शेंदूर लागतो, नारळ फुटतो. तो दगड कोणत्या आज्याने, कोणत्या वर्षी, का मांडला, हे म्हातारी माणसं त्या दिवशी हमखास सांगतात. तेरावा नियम आठवा. देवाची जागा हा एक पुरावा, म्हाताऱ्याचं कथन हा दुसरा. कायद्याला हवे असलेले दोन्ही पुरावे वाघबारसेला एकाच जागी भेटतात.

यातली एक अट मात्र विसरू नये. कथन दावेदाराचं स्वतःचं चालत नाही, दुसऱ्या वडीलधाऱ्याचं लागतं. म्हणजे आपल्या बापाने शेजाऱ्यासाठी सांगायचं आणि शेजाऱ्याच्या बापाने आपल्यासाठी. वाडीतले दोघे-तिघे तरी म्हातारे धड बोलते असतानाच हे उरकायला हवं.

दिवाळी सरली की उचल घेतलेली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावरच परततात. तोवर वाडी अर्धी रिकामी, ग्रामसभेला माणूस मिळत नाही. म्हणून वाड्यांवर काम करणाऱ्या शिक्षकांना, अंगणवाडीताईंना, कॉलेजात शिकणाऱ्या ठाकर-कातकरी मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे: यंदाच्या वाघबारसेला वही घेऊन बसा. आज्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, हद्दीच्या खुणा, देवाच्या जागा, पुराच्या आधी कोण कुठे कसत होतं, सगळं त्याच्याच शब्दांत लिहा, त्याला वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि वनहक्क समितीसमोर ठेवा. फोनवर त्याचा आवाजही भरून ठेवा. भट्टीच्या गाड्या सुटायच्या आत हे करा.