कान्हेरीची चढण, आणि त्याहून अवघड तिचा उतार

मागच्या आठवड्यातला भाग ऐकून बऱ्याच जणांनी कळवलं की आकडे कानावरून भुर्रकन निघून गेले, लोकलच्या गर्दीत काही नीट कळलं नाही, तर लिहून टाक. म्हणून हा भाग जवळजवळ बोललो तसाच इथे उतरवलाय. आकडे मात्र परत एकदा तपासून घेतलेत.

विषय आहे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला सायकलचा रस्ता. मुंबईत राहणाऱ्याला हे भाग्य वाटत नाही, पण जरा विचार करा. साधारण १०० चौरस किलोमीटरचं डोंगराळ जंगल, त्यात बिबटे, त्यात तुळशी आणि विहार हे दोन तलाव, आणि हे सगळं शहराच्या पोटात. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरचा ट्रॅफिक सोडून गेटच्या आत गेलात की पाच मिनिटांत हॉर्नचा आवाज बंद होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तर कान बधिर झाल्यासारखं वाटलं होतं.

मुख्य गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत साधारण ६ किलोमीटर डांबरी रस्ता आहे. सुरुवातीचा भाग सोपा: थोडा चढ, थोडा उतार, दहिसर नदीचं पात्र, सागाची आणि करंजाची झाडं, रस्त्यावर ठाण मांडून बसलेली माकडं. ही नदी वर तुळशी तलावाकडून येते. खरी चढण शेवटच्या टप्प्यात. तिथे वळणं सुरू होतात, बोलणं बंद होतं, आणि आपण काल रात्री काय खाल्लं ते आठवायला लागतं.

आता चढण म्हणजे नेमकं काय ते बघू. रस्ता ६ टक्के चढाचा आहे म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ६ मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. समजा तुमचं आणि सायकलचं मिळून वजन ८० किलो आहे आणि वेग ताशी ९ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. हे वजन नुसतं वर उचलायलाच जवळजवळ ११८ वॅट लागतात. टायर रस्त्यावर घासतो त्याचे आणखी १०-१२ धरा. झाले १३० वॅट, आणि ते सलग. सवय नसलेल्या माणसाला पाच मिनिटांत दम लागतो तो इथेच. मजा म्हणजे या वेगात हवेचा अडथळा जवळजवळ शून्य. त्यामुळे सपाटीवर उपयोगी पडणारं ते खाली वाकून बसणं इथे कामाचं नाही. सरळ बसा, छाती मोकळी ठेवा.

दुसरी गोष्ट गिअरची. उद्यानात भाड्याने सायकली मिळतात आणि त्या घेऊन कान्हेरीला निघालेली मुलं चढणीवर सायकल ढकलताना दिसतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, गणितच तसं आहे. बिनगिअरच्या सायकलला समजा पुढे ४४ दात आणि मागे १८. पायडलची एक फेरी म्हणजे चाक पाच मीटरच्या वर पुढे जातं. ताशी ९ किलोमीटरला मिनिटाला फक्त २९ फेऱ्या होतात. म्हणजे प्रत्येक फेरीत गुडघ्यावर प्रचंड जोर. तेच गिअरच्या रोड बाइकवर पुढे ३४ आणि मागे ३२ असेल तर एका फेरीत सव्वादोन मीटरच जातं, आणि त्याच वेगाला मिनिटाला ६५ च्या वर फेऱ्या होतात. ताकद तेवढीच लागते, पण ती छोट्या-छोट्या हप्त्यांत विभागली जाते. दुकानात सायकल घेताना लोक रंग बघतात, फ्रेम बघतात. मी म्हणतो मागची सगळ्यात मोठी चकती किती दातांची आहे ते आधी मोजा.

आता फोनबद्दल, कारण हा माझ्या धंद्याचा भाग. एकदा माझ्या फोनने त्या रस्त्यावर २२ टक्के चढ दाखवला. मी ऑफिसमध्ये स्क्रीनशॉट फिरवला, चार लोकांनी वा वा केलं, आणि मग लाज वाटली. कारण २२ टक्के म्हणजे काय भिंत असते! झालं असं, की जीपीएसला आडवी जागा बऱ्यापैकी कळते, पण उंची नीट कळत नाही. त्यात वर झाडांचं छत, बाजूला डोंगर, म्हणजे उपग्रहाचे सिग्नल अर्धे अडलेले, अर्धे कुठेतरी आपटून आलेले. उंचीत ४ मीटरची चूक होणं अगदी सहज शक्य आहे. ॲपने ती चूक २० मीटरच्या तुकड्यावर मोजली की २० टक्के खोटा चढ तयार. एकूण चढाईचा आकडाही असाच फुगतो, कारण प्रत्येक खोटा खड्डा आणि खोटा उंचवटा त्यात जमा होत जातो. ज्या फोनमध्ये किंवा सायकल कंप्युटरमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो त्याचा आकडा जास्त खरा. नसेल तर निदान अर्ध्या किलोमीटरची सरासरी बघा, क्षणाक्षणाचा आकडा बघू नका.

आता ते सांगतो ज्यासाठी खरं तर हा भाग केला.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, पहिल्या पावसानंतरच्या रविवारी, मी कान्हेरीहून खाली येत होतो. फोनमध्ये ॲप चालू. त्या उतारावर माझा वेळ मित्रापेक्षा ९ सेकंदांनी जास्त होता आणि ते मला आठवडाभर टोचत होतं. रस्ता ओला, पानं पडलेली. एका वळणानंतर समोर एक बाई डोक्यावर मोळी घेऊन आणि पुढे सहा-सात वर्षांचा मुलगा. उद्यानात आदिवासी पाडे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या वारली लोक तिथे राहतात, तो रस्ता त्यांच्या रोजच्या जाण्या-येण्याचा आहे. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि ब्रेक लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मी पुढचा ब्रेक आवळला, चाक सरकलं, मी रस्त्यावर. सायकल घसरत त्या मुलापासून हातभर अंतरावर जाऊन थांबली. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. बाईने मोळी खाली टाकली, पोराला जवळ ओढलं आणि मग मला विचारलं, "लागलं का रे?" मी त्या वेळी माफी मागितली की नाही, खरंच आठवत नाही.

नंतर हात गळ्यात बांधून घरी बसलो होतो तेव्हा हिशोब केला. कोरडा रस्ता, ६ टक्के उतार, बरे ब्रेक, आणि समोरचं दिसून हात ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर ताशी ४० किलोमीटरवरून थांबायला साधारण ३० मीटर लागतात. ३० च्या वेगाला १९ मीटर. आता रस्ता ओला करा, त्यावर पानं टाका, म्हणजे पकड अर्धी झाली असं धरा. ४० च्या वेगाला ५५ मीटर, ३० ला ३३, आणि २० ला फक्त १७. मला ती दोघं दिसली तेव्हा अंतर ३०-३५ मीटर असेल. मी ४० च्या आसपास होतो. म्हणजे ब्रेक कितीही चांगले असते तरी त्या अंतरात मी थांबूच शकलो नसतो. ओल्या रस्त्यावर पकड अर्धी होते पण उताराची ओढ तेवढीच राहते, म्हणून अंतर दुपटीच्या जवळ जातं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आणि रिम ब्रेक असेल तर आणखी एक भानगड. ओल्या रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ब्रेक जवळजवळ लागतच नाही, आणि मग अचानक लागतो. म्हणून पावसात वळण यायच्या आधीच ब्रेक हलके टेकवून रिम पुसून घ्यायची. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी, पण टायरची पकड काही डिस्क वाढवत नाही.

टायरच्या पकडीचं बजेट ठरलेलं असतं असं समजा. वळताना त्यातला बराचसा खर्च वळण्यात जातो. उरलेल्यात ब्रेक मारायचा. वळणाच्या मध्यावर जोरात ब्रेक म्हणजे खात्यात नसलेले पैसे काढणं. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. वळणात नजर जिथे जायचंय तिथे, बाहेरचा पाय खाली, हात सैल.

जंगलातल्या उताराची एक खास गोष्ट म्हणजे उजेड. उन्हाच्या पट्ट्यातून एकदम दाट सावलीत शिरताना डोळ्यांना जुळवून घ्यायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात तुम्ही दहा-वीस मीटर गेलेले असता. सावलीतच ओल टिकते, शेवाळ धरतं, तिथेच स्पीडब्रेकर दिसत नाही. गडद गॉगल घालून येणाऱ्यांनी याचा विचार करावा.

बाकीचे रस्ते थोडक्यात. ठाण्याच्या बाजूने येऊर आहे, तेही याच उद्यानात येतं. उपवन तलावाकडून वर चढणारा वळणांचा रस्ता, चढण कान्हेरीपेक्षा जास्त मजेची, पण शनिवार-रविवारी गाड्यांची गर्दी. तिथे कारवी भरपूर आहे. ती दर ८ वर्षांनी फुलते, २०१६ साली फुलली होती, तेव्हापासून आठ-आठ मोजत जा. येऊरहून बोरिवलीला जंगलातून सायकल नेता येईल का, असं तिघांनी विचारलंय. नाही. आरपार जाणारा रस्ता नाही, आणि आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय जायचं नसतं. घोडबंदर रोड उद्यानाच्या उत्तरेकडून जातो, पण गायमुखच्या घाटात कंटेनरच्या शेजारी सायकल चालवण्यात मला तरी काही सौंदर्य दिसत नाही.

बिबट्या दिसेल का? बहुतेक नाही. तो पहाटे, संध्याकाळी आणि रात्री फिरतो, आणि माणूस आला की आधी तोच बाजूला होतो. पण म्हणून अंधारात रस्त्याकडेला एकटं उकिडवं बसून पंक्चर काढू नका. बसलेला माणूस लहान दिसतो.

वर पोचलात की लेणी बघितल्याशिवाय परत फिरू नका. पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं असतं. १०० हून जास्त लेणी आहेत, इसवी सनाच्या आसपासच्या शतकांपासून पुढे हजारेक वर्षं तिथे बौद्ध भिक्खूंचा राबता होता. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यात सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातला शिलालेख आहे. मला सगळ्यात आवडतात त्या पाण्याच्या पोढ्या. डोंगराच्या माथ्यावर पडणारा पाऊस खडकात कोरलेल्या पन्हाळींतून टाक्यात आणायचा आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा. इंजिनीअर म्हणून तिथे बसून मी दोन बाटल्या पाणी पितो आणि जरा गप्प होतो.

सोमवारी उद्यान बंद असतं, हे विसरून मी दोनदा गेटवरून परत आलोय.

आणि हो, तो उतार. दोन किलोमीटर ४० च्या वेगाने उतरलं तर ३ मिनिटं लागतात, २५ च्या वेगाने ४ मिनिटं ४८ सेकंद. आता मी वर पोचलो की ॲप बंद करतो, प्रत्येक वळणाआधी घंटी वाजवतो. हाड जुळल्यावर त्या पाड्याकडे जाऊन आलो. मुलाने आधी माझ्या सायकलचे ब्रेक दाबून बघितले, मग घंटी.

पुढच्या भागात ब्रेक पॅड घरच्या घरी कसे बदलायचे ते. प्रश्न पाठवत राहा.